जोडताऱ्यांवरचे डाग आणि त्यांचं चुंबकत्व: परत परत येणारे प्रश्न

पावसाळा संपून आकाश उघडलं आणि एमएस्सीचे प्रोजेक्ट सुरू झाले की हे प्रश्न ठरलेले येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. जोडतारा म्हणजे एकमेकांभोवती फिरणारे दोन तारे, आणि एकाने दुसऱ्याला झाकलं की ग्रहण. क्रम वगैरे काही लावलेला नाही, हवं ते वाचा. फक्त मॉडेलवाला, म्हणजे सॉफ्टवेअरने काढलेल्या डागाचा, प्रश्न सोडू नका, सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो.

सूर्यावर असतात तसेच हे डाग का?

जात तीच, माप वेगळं. चुंबकीय क्षेत्र खालून वर येणारी उष्णता अडवतं, तेवढा भाग थंड पडतो आणि आजूबाजूच्या मानाने काळा दिसतो. सूर्याचा पृष्ठभाग ५८०० केल्विनच्या आसपास आणि मोठ्या सौरडागाचा मधला भाग ४००० च्या आसपास. या डागांमध्ये जोरदार चुंबकीय क्षेत्र असतं हे जॉर्ज हेल यांनी १९०८ मध्ये वर्णपटावरून, म्हणजे प्रकाश रंगांत फोडून, दाखवलं. पण सूर्य अगदी भरात असला तरी डाग त्याच्या पृष्ठभागाचा एक टक्काही व्यापत नाहीत, आणि इथे आपण ज्या ताऱ्यांबद्दल बोलतोय त्यांच्यावर दहा-वीस टक्के, कधी त्याहूनही जास्त भाग डागाळलेला असतो. आपल्या सूर्याने असं केलं असतं तर हवामान खात्याचं काही खरं नव्हतं.

तारा तर कुठल्याही टेलिस्कोपमधून ठिपकाच दिसतो, मग डाग दिसला कोणाला?

बहुतेक वेळा कोणालाच नाही, तो हिशोबातून निघतो. तारा फिरतो, डागाळलेली बाजू आपल्याकडे आली की प्रकाश थोडा कमी, गेली की परत जास्त. फिरणाऱ्या आकाशकंदिलाला एका बाजूने काळा कागद चिकटवलाय असं समजा, लांबून कागद दिसणार नाही पण उजेड कमी-जास्त होताना नक्की कळेल.

जोडताऱ्यांमध्ये हे पहिल्यांदा नीट पकडलं ते गेराल्ड क्रॉन यांनी. त्यांनी १९४७ मध्ये एआर लॅसर्टी या ताऱ्याची फोटोइलेक्ट्रिक मोजमापं छापली, त्यात ग्रहणाच्या उतारावर आणि चढावर प्रकाश जसा गुळगुळीत बदलायला हवा तसा बदलत नव्हता, आणि त्यांनी सरळ म्हटलं की यातल्या एका ताऱ्याच्या पृष्ठभागावर डाग असावेत. त्या काळात हे म्हणायला हिंमत लागते. पुढे श्यामशबल तारकासमूहातल्या आरएस केनम व्हेनॅटिकोरम या ताऱ्यात, म्हणजे आपल्या आरएस सीव्हीएनमध्ये, ग्रहण नसतानाही प्रकाशात एक लाट दिसायची आणि ती लाट वर्षागणिक सरकत जायची. इटलीतल्या कातानिया वेधशाळेने हा तारा वर्षानुवर्षं लावून धरला. डग्लस हॉल यांनी १९७६ मध्ये अशा सगळ्या ताऱ्यांचा एक वर्गच केला आणि त्याला याच ताऱ्याचं नाव दिलं: कक्षेचा काळ १ ते १४ दिवस, गरम तारा एफ किंवा जी प्रकारचा (बी, एफ, जी, के या क्रमाने तारे गार होत जातात), आणि वर्णपटात कॅल्शियमच्या एच आणि के रेषा ग्रहण नसतानाही चमकत्या.

मग एकटा तारा घ्या की, जोडतारा आणि त्यातही ग्रहणवालाच कशाला?

कारण ग्रहण फुकटात स्कॅनर देतं.

एकट्या ताऱ्याच्या लाटेवरून डाग साधारण कुठल्या रेखांशावर आहे तेवढं कळतं. बाकी सगळा अंदाज, कारण तारा किती कललेला आहे हे माहीत नाही, त्रिज्या माहीत नाही. ग्रहण होतं म्हणजे कक्षा आपल्याला जवळजवळ कडेवरून दिसते, कल ९० अंशांच्या आसपास, हा एक प्रश्न तिथेच मिटला. दोन्ही ताऱ्यांचे वेग वर्णपटावरून मिळाले की वस्तुमान आणि त्रिज्या किलोग्रॅम-किलोमीटरमध्ये निघतात, आणि खगोलशास्त्रात इतकी चोख मापं फार कमी ठिकाणी मिळतात.

आता खरी गंमत. ग्रहणात पुढच्या ताऱ्याची कड मागच्या ताऱ्याच्या चकतीवरून हळूहळू सरकते. स्वच्छ भाग झाकला तर ठरलेला प्रकाश कमी होतो. पण त्या कडेखाली डाग आला तर तो आधीच अंधारा असल्यामुळे झाकून फारसं काही कमी होत नाही, म्हणजे लाइट कर्व्ह (वेळेप्रमाणे प्रकाशाचा आलेख) त्या मिनिटांत अपेक्षेपेक्षा किंचित वर राहतो, एक बारीक उंचवटा दिसतो. हा उंचवटा ग्रहण लागताना आला की सुटताना, किती मिनिटं टिकला, किती उंच होता, यावरून डाग चकतीच्या कुठल्या पट्ट्यात आहे आणि साधारण केवढा आहे ते कळतं. पुढच्या फेरीत तोच उंचवटा थोडा सरकलेला असेल तर डाग कक्षेच्या मानाने मागे-पुढे होतोय. ग्रह ताऱ्यासमोरून जाताना डागावरून गेला की असाच उंचवटा येतो, त्यामुळे एक्झोप्लॅनेटवाले (दुसऱ्या ताऱ्यांचे ग्रह शोधणारे) आणि आपण एकाच गोष्टीमागे असतो, फक्त ते त्याला कटकट म्हणतात.

या ताऱ्यांवर एवढे डाग का?

वेग आणि उकळी. ज्या ताऱ्याचा बाहेरचा थर खदखदत असतो आणि जो भरभर फिरतो त्याच्यात चुंबकीय डायनॅमो, म्हणजे चुंबकीय क्षेत्र तयार करणारं यंत्र, जोरात चालतो. सूर्य विषुववृत्ताजवळ २५ दिवसांत एक फेरी घेतो. एकटा तारा वयाबरोबर मंदावतो, कारण चुंबकीय वाऱ्याबरोबर त्याची फिरकी वाहून जाते. जवळच्या जोडीत मात्र भरतीच्या ओढीमुळे ताऱ्याचं फिरणं कक्षेला बांधलेलं असतं, कक्षा दोन दिवसांची तर फिरणंही दोन दिवसांचं. म्हातारा झाला तरी सुटका नाही. त्यात आरएस सीव्हीएन प्रकारच्या जोडीतला थंड तारा बहुतेक वेळा फुगायला लागलेला उपराक्षसी तारा असतो, त्याचा उकळता थर खोल, म्हणजे दोन्ही गोष्टी एकत्र.

आणि फिरकी तर वाऱ्याबरोबर जातच असते, तिची भरपाई कक्षेतून होते, त्यामुळे कक्षा आकुंचत जाते. असं होत होत दोन तारे एकमेकांना टेकतात असं मानतात, सप्तर्षीतला डब्ल्यू उर्सी मेजोरिस हा अशा टेकलेल्या ताऱ्यांचा नमुना, काळ फक्त आठ तास. त्याच्यापुढे काय तर विलीनीकरण. २००८ मध्ये भडकलेला व्ही१३०९ स्कॉर्पी हा तारा असाच निघाला, जुना डेटा काढून बघितला तर तो भडकायच्या आधी चिकटलेला जोडतारा होता आणि त्याचा काळ वर्षानुवर्षं कमी होत चालला होता.

सॉफ्टवेअरने डाग काढून दिला, रेखांश, अक्षांश, आकार, तापमान सगळं. तोच खरा ना?

नाही. म्हणजे असेलही, पण तुमच्या डेटावरून ते सिद्ध झालेलं नाही.

विल्सन आणि डेव्हिनी यांचा १९७१ चा प्रोग्रॅम घ्या किंवा त्याच्या पुढची पिढी म्हणजे फीबी घ्या, दोन्हींमध्ये डाग गोल मानतात आणि त्याला चार आकडे असतात: अक्षांश, रेखांश, त्रिज्या आणि तापमानाचं गुणोत्तर. चार आकडे मोकळे सोडले की जवळपास कुठलीही वाकडी लाइट कर्व्ह फिट होते. जरा हिशोबच करू. तारा ५००० केल्विनचा, डाग ४००० चा. प्रति चौरस मीटर प्रकाश तापमानाच्या चौथ्या घातात जातो, म्हणजे डागातून ४१ टक्केच प्रकाश येतो, ५९ टक्के बुडाला. असा डाग चकतीचा १० टक्के भाग व्यापत असेल तर एकूण प्रकाश ५.९ टक्के कमी, म्हणजे ०.०७ प्रतीच्या आतबाहेर (प्रत हे तेजाचं माप, आकडा मोठा तेवढा तारा मंद). आता डाग ४५०० केल्विनचा घ्या, मग बुडतो ३४ टक्के, आणि तेवढीच घट मिळवायला १७ टक्के भाग झाकावा लागतो. एकच फिल्टर वापरला असेल तर १० टक्क्यांचा गार डाग आणि १७ टक्क्यांचा कोमट डाग यांच्यात तुमचा डेटा फरकच करू शकत नाही! वर जोडीतल्या दुसऱ्या ताऱ्याचा प्रकाश मिसळलेला असतो तो वेगळाच.

अजून दोन गोष्टी. कल ९० अंशांजवळ असला की उत्तरेकडचा डाग आणि तेवढ्याच अंतरावर दक्षिणेकडचा डाग लाटेत सारखेच दिसतात, ग्रहणातला उंचवटा मिळाला तरच काही कळू शकतं. आणि डाग ध्रुवावर असेल, किंवा बारके बारके डाग सगळीकडे सारखे पसरले असतील, तर लाटच येत नाही, तारा फक्त कायमचा थोडा मंद दिसतो आणि आपण समजतो की तारा स्वच्छ आहे. त्यामुळे एका रात्रीच्या, एका फिल्टरच्या डेटावर काढलेला सुबक डाग रिपोर्टमध्ये टाकू नका, टाकलाच तर सोबत दुसरे दोन-तीन तितकेच चांगले फिट होणारे डागही दाखवा. परीक्षकाला ते जास्त आवडतं, आणि नाही आवडलं तरी खरं तेच आहे.

मग तापमान वेगळं कसं काढायचं?

निदान दोन फिल्टर. गार डाग निळसर प्रकाशात जास्त काळा आणि लालसर-अवरक्तात कमी काळा, म्हणून लाटेची उंची व्ही (हिरवट-पिवळ्या) फिल्टरमध्ये जास्त आणि आय (अवरक्ताकडच्या) फिल्टरमध्ये कमी येते. तारा मंद होताना लाल होत असेल तर डाग गार. हे गुणोत्तर मिळालं की वरचा १० का १७ चा वाद बराच मिटतो.

दोन ग्रहणांच्या मधली दोन शिखरं सारख्या उंचीची नाहीत. डागच ना?

याला ओ'कॉनेल इफेक्ट म्हणतात, १९५१ मध्ये ओ'कॉनेल यांनी त्याचा पद्धतशीर अभ्यास केला म्हणून. डाग हे एक उत्तर आहे, एकमेव नाही. एका ताऱ्यावरून दुसऱ्यावर वायूची धार पडत असेल तर जिथे आपटते तिथे गरम ठिपका होतो आणि तोही हेच करतो. शिखरांची उंची काही महिन्यांत उलटसुलट झाली तर डागांवर संशय घ्या. दशकानुदशकं तशीच राहिली तर वायूकडे बघा.

डाग सोडून चुंबकत्वाचा दुसरा पुरावा काय?

भरपूर आहे, आणि मला विचाराल तर तोच जास्त भरवशाचा. कॅल्शियमच्या एच-के रेषा आणि हायड्रोजनची एच-अल्फा, या रेषांच्या खोबणीत भर पडलेली दिसली म्हणजे क्रोमोस्फिअर, ताऱ्याच्या पृष्ठभागावरचा वातावरणाचा थर, तापलेलं आहे. क्ष-किरणांत तर हे तारे सूर्याच्या हजार ते दहा हजार पट तेजस्वी असतात. रेडिओतही भडकतात.

ययातीमधली मायावती घ्या, म्हणजे अल्गोल. दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी तिला ग्रहण लागतं, हा काळ जॉन गुडरिक या मुलाने १७८० च्या दशकात काढला, तो तेव्हा विशीतही नव्हता. तिच्यातला तेजस्वी तारा बी प्रकारचा, त्याला बाहेर उकळता थर नाही, क्ष-किरणांत तो जवळपास काळोख. दुसरा के प्रकारचा उपराक्षसी, सगळी चुंबकीय धमाल त्याची. १९९७ च्या ऑगस्टमध्ये बेप्पोसॅक्स या उपग्रहाने मायावतीवर एक प्रचंड क्ष-किरण ज्वाला टिपली, आणि ती चालू असतानाच बी तारा समोर आला आणि ज्वालेला ग्रहण लागलं! ज्वाला किती वेळात झाकली आणि किती वेळात उघडली यावरून ती के ताऱ्याच्या ध्रुवाजवळ होती आणि केवढी होती हे मोजता आलं. दुसऱ्या ताऱ्यावरच्या ज्वालेचा पत्ता आणि माप असं थेट मिळणं म्हणजे लॉटरी. पुढे २०१० मध्ये रेडिओ दुर्बिणींच्या जाळ्याने याच के ताऱ्यातून निघून जोडीदाराच्या बाजूला झुकलेली चुंबकीय कमान दाखवली.

डॉप्लर इमेजिंग ऐकलंय, ते काय?

तारा भरभर फिरतो तेव्हा त्याच्या वर्णपटातल्या रेषा रुंद होतात. रेषेचा निळा काठ म्हणजे आपल्याकडे येणारी बाजू, लाल काठ म्हणजे लांब जाणारी. डाग चकतीवरून सरकतो तसा रेषेत एक बारीक टेंगूळ निळ्याकडून लालकडे सरकतं. फेरीभर असे वर्णपट जमवले की नकाशा काढता येतो. व्होग्ट आणि पेनरॉड यांनी १९८३ मध्ये एचआर १०९९ या आरएस सीव्हीएन प्रकारच्या जोडताऱ्यावर हे करून दाखवलं आणि ध्रुवावर मोठा डाग निघाला, सूर्यावर डाग ध्रुवाकडे फिरकतही नाहीत त्यामुळे बरीच चर्चा झाली. यासाठी उच्च क्षमतेचा स्पेक्ट्रोग्राफ लागतो, गच्चीवरचं काम नाही.

कक्षेचा काळ बदलतो तोही चुंबकत्वामुळे?

कदाचित. १९९२ मध्ये ॲपलगेट यांनी मांडलं की चुंबकीय चक्रात ताऱ्याच्या आतली फिरकी इकडची तिकडे होते, त्याचा चपटेपणा थोडा बदलतो, त्यामुळे गुरुत्वाकर्षण बदलतं आणि जोडीदाराची कक्षा ताणली-सैल होते. बदल लाखात एक भाग एवढाच, एक दिवसाच्या काळात सेकंदाहून कमी, पण हजारो फेऱ्यांत साठत साठत मिनिटांवर जातो आणि ओ वजा सी आलेखात (ग्रहणाची मोजलेली वेळ वजा हिशोबाची वेळ) लाट दिसते. भानगड अशी की तिसरा तारा किंवा ग्रह असला तरी तशीच लाट येते.

वृषभेतला व्ही४७१ टौरी बघा, श्वेतबटू (ताऱ्याचा उरलेला गाभा) आणि के प्रकारचा छोटा तारा, काळ साडेबारा तास. त्याच्या लाटेवरून तिथे तपकिरी बटू (ग्रह आणि तारा यांच्या मधली वस्तू) असावा असं बरीच वर्षं म्हटलं जायचं. चिलीतल्या व्हीएलटी या मोठ्या दुर्बिणीवर स्फिअर हा कॅमेरा लागल्यावर त्याने बघितलं तर तिथे कोणीच नाही. तेव्हा आलेखात लाट दिसली की लगेच ग्रह जाहीर करणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं.

अजून एक: डाग स्वतःच ग्रहणाची वेळ सरकवल्यासारखी दाखवतात, कारण ग्रहणाचा खड्डा एका बाजूने दाबला जातो आणि त्याचा मध्य चुकतो. केप्लर या अवकाश दुर्बिणीच्या डेटात छोट्या काळाच्या बऱ्याच जोड्यांमध्ये मुख्य आणि दुय्यम ग्रहणांचे ओ वजा सी आलेख एकमेकांच्या उलट हलताना दिसतात. खरोखर कक्षा बदलली असती तर दोन्ही एकाच दिशेने हलले असते. म्हणून दुय्यम ग्रहणंही मोजा, आळस करू नका.

लाल बटूंची (लहान, गार ताऱ्यांची) त्रिज्या मॉडेलपेक्षा जास्त येते म्हणतात, त्याचा डागांशी संबंध?

असावा. पुनर्वसूतला कॅस्टर हा खरं तर सहा ताऱ्यांचा कबिला आहे, त्यातली एक जोडी म्हणजे वायवाय जेमिनोरम, दोन जवळपास जुळे लाल बटू, साडेएकोणीस तासांत एक फेरी. कालेयमधला सीएम ड्रॅकोनिस हा दुसरा गाजलेला. अशा ताऱ्यांची मोजलेली त्रिज्या सैद्धांतिक त्रिज्येपेक्षा पाच-दहा टक्के जास्त येते. एक कारण असं देतात की चुंबकत्व उकळी दाबतं, डाग उष्णता अडवतात, आणि तेवढीच ऊर्जा बाहेर टाकायला तारा फुगतो. पण इथेही सावध, डाग नीट न धरता फिट केलं तर त्रिज्याच चुकते, मग फुगला तारा की आपला आकडा हा प्रश्न राहतोच.

घरच्या टेलिस्कोपने यातलं काही जमेल?

लाट नक्की जमेल. सहा-आठ इंची टेलिस्कोप, सीसीडी किंवा सीमॉस कॅमेरा, व्ही आणि आर किंवा आय फिल्टर, जवळचा स्थिर तुलना-तारा, आणि ०.०१ प्रतीची अचूकता टिकवायची तयारी. ग्रहणातला बारीक उंचवटा त्याहून कठीण. जून ते सप्टेंबर आपल्याकडे आकाश बंद, म्हणून तारा ठरवताना ऋतू बघा: आरएस सीव्हीएन मार्च ते मे, एआर लॅसर्टी ऑक्टोबर ते डिसेंबर.

एआर लॅसर्टीची एक खोड आधीच सांगतो. त्याचा काळ १.९८ दिवस, जवळजवळ दोन. म्हणजे आज रात्री नऊला जी फेज (फेरीतली स्थिती) दिसली तीच परवा रात्री नऊच्या २४ मिनिटं आधी. एका गावातून बघत बसलात तर पूर्ण फेरी भरायला महिने जातात, तोवर डागच हललेले असतात आणि तुम्ही दोन वेगवेगळ्या ताऱ्यांच्या लाइट कर्व्ह जोडल्यासारखं होतं. उपाय एकच, वेगळ्या रेखांशावरचा भिडू. पुणे, जर्मनी आणि कॅलिफोर्निया असे तिघं जण त्याच आठवड्यात बसले तर काम होतं, आणि आपली माणसं तिकडे कमी नाहीत. फिल्टर आणि तुलना-तारा मात्र तिघांचा एकच ठेवा.

टेलिस्कोपच नाही.

मग टेस. २०१८ मध्ये सोडलेला हा उपग्रह आकाशाच्या एकेका पट्ट्यावर (याला सेक्टर म्हणतात) साधारण २७ दिवस टक लावून बसतो, दोन दिवसांच्या काळाच्या ताऱ्याच्या तेराएक फेऱ्या सलग मिळतात आणि डाग सरकताना दिसतात. डेटा सगळा फुकट, पायथन येत असेल तर लाइटकर्व्ह नावाचं पॅकेज आहे. केप्लरचा जुना डेटाही आहे, त्यात २८०० हून जास्त ग्रहणवाल्या जोड्यांची यादी तयार आहे. टेसचे दोन दोष: एकच रुंद लालसर फिल्टर, म्हणजे तापमानाचं वर सांगितलं ते दुखणं, आणि २१ आर्कसेकंदाचा पिक्सेल, त्यात शेजारचा ताराही घुसतो आणि लाट खरी आहे त्याहून लहान दिसते.

आपल्याकडे यावर काम झालंय का?

झालंय आणि जुनं आहे. हैदराबादजवळची जपाल-रंगापूर वेधशाळा आणि तमिळनाडूतलं कवलूर, दोन्हीकडे अशा ताऱ्यांचं फोटोमेट्रीचं काम झालेलं आहे. पुणे-नाशिक रस्त्याकडच्या गिरवलीला पुण्याच्या आयुका या खगोल संस्थेचा दोन मीटरचा टेलिस्कोप आहे, त्यावरचा स्पेक्ट्रोग्राफ अंधुक वस्तूंसाठीचा, एच-अल्फा बघायला चालेल पण डॉप्लर इमेजिंगला नाही. भारताच्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावरची मऊ (कमी ऊर्जेच्या) क्ष-किरणांची दुर्बीण मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेमध्ये तयार झाली, आणि तिने भडकणारे तारे बघितलेले आहेत.

मायावती नुसत्या डोळ्यांनी बघितली तर डाग कळतील?

नाही. ग्रहण मस्त कळतं, २.१ वरून ३.४ प्रतीपर्यंत उतरते. पण डाग के ताऱ्यावर, आणि प्रकाश जवळजवळ सगळा बी ताऱ्याचा.

एका सेमिस्टरच्या प्रोजेक्टला कुठला तारा घेऊ?

टेसमध्ये दोन-तीन वेगवेगळ्या वर्षांचे सेक्टर असलेला, पाच दिवसांपेक्षा कमी काळाचा, आजूबाजूला गर्दी नसलेला कुठलाही आरएस सीव्हीएन प्रकारचा तारा. आधी ग्रहणं काढून टाका, उरलेल्या लाटेचा खालचा बिंदू प्रत्येक फेरीत कुठल्या फेजला येतो त्याचा आलेख करा, मग सेक्टर सेक्टर तुलना. डागाचं मॉडेल शेवटच्या पंधरवड्यात केलं तरी चालतं, आणि गाइड ऐकत असतील तर नाही केलं तरी.